उद्घाटनापर्यंत सीलबंद

गेल्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यातून एक तरुण मला भेटायला आला. त्यांच्याकडे मुलामुलींची नवी हॉकी संघटना निघाली होती, आणि आमच्या सोलापूरच्या संघटनेला 'उत्कृष्ट संघटना' म्हणून ढाल मिळाल्याचं त्यानं कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवर पाहिलं होतं. बिचारा वही-पेन घेऊनच आला होता. चहा यायच्या आत त्यानं विचारलं, "सर, संघटना यशस्वी कशानं होते?"

मी बरीच वर्षं या संघटनेचा सचिव आहे. हॉकीची स्टिक मी आयुष्यात दोनदा हातात धरली, दोन्ही वेळा फोटोसाठी. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझ्याइतका लायक माणूस जिल्ह्यात दुसरा नाही. मी त्याला म्हटलं, आधी लेटरहेड छापा. मग शिक्का करून घ्या, आणि तो गोल असू द्या. चौकोनी शिक्क्याला कचेरीत कुणी विचारत नाही. मग असा अध्यक्ष शोधा, ज्याच्याकडे गाडी आहे आणि वेळ नाही. खेळाडूंची काळजी करू नका. ते रोज सकाळी मैदानावर येऊन उभेच असतात, त्यांना कुणी बोलवावं लागत नाही.

त्यानं सगळं उतरवून घेतलं. मी थट्टा करतोय हे त्याला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर ती पूर्ण थट्टा नव्हतीही. तो गेल्यावर मात्र मला एक खोकं आठवत राहिलं. त्याच्याबद्दल मी त्याला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

मी पेशानं शाळेतला लिपिक. सगळी शाळा मला भाऊसाहेब म्हणते. आमच्या वस्तीत कुणाला रेशनकार्डात नाव घालायचं असो की जातीचा दाखला काढायचा असो, विहाराच्या ओट्यावर बसून अर्ज मीच लिहून द्यायचो. माझं अक्षर वळणदार, आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द मी झोपेतही न चुकता लिहू शकतो. असा एक अर्ज आमच्या होऊ घातलेल्या अध्यक्षांच्या पाहण्यात आला आणि त्यांनी तिथंच ठरवलं, सचिव हाच. पहिल्या बैठकीत कुणीतरी विचारलं, हॉकीत एका बाजूला किती खेळाडू असतात. मी क्रिकेट डोळ्यांपुढे आणून अकरा म्हणालो. ते बरोबर निघालं. तेव्हापासून मी जाणकार समजला जातो.

अध्यक्षांचा चादरीचा कारखाना. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी आणि पाहुण्यांसमोर हिंदी बोलणारा माणूस. सगळे त्यांना शेठ म्हणतात. डोळे मिटून त्यांच्या हातात चादर दिली तर वजन सांगतील, आणि ती त्यांच्या मागावरची की दुसऱ्याच्या, हेही सांगतील. हॉकीत त्यांना काय गती होती ते मला अजून कळलेलं नाही, पण सत्काराला लागतील तितक्या चादरी आणि टॉवेल ते हात आखडता न घेता द्यायचे. आमच्यासारख्या संघटनेला याहून जास्त गती कशाला लागते?

तिसरे होते आमचे प्रशिक्षक. रेल्वेतून निवृत्त झालेले, तरुणपणी खरोखर हॉकी खेळलेले, त्यामुळे बैठकीत त्यांना फारसं बोलू दिलं जात नसे. मुलं त्यांना चाचा म्हणायची. रोज पहाटे मैदानावर चुन्यानं रेषा आखायचे तेच, आणि मुलांच्या आधी येऊन मुरमातले खडे वेचायचेही तेच. संघटनेच्या वार्षिक अहवालात या कामाचा उल्लेख नाही. अहवाल मीच लिहितो.

आता आमची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीमुळे झालं. आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू उद्घाटनाशिवाय वापरत नाहीत. गोलाच्या नव्या जाळ्या आल्या तेव्हा त्या तीन आठवडे घडी करून ठेवल्या होत्या आणि मुलं चेंडू गोलात गेला की तो आणायला पार रस्त्यापर्यंत पळत होती. पाण्याचा नवा जार आला, त्याला हार घालून ठेवला, आणि मुलं शेजारच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायली. प्रथमोपचाराची पेटी आली त्या दिवशी तर सकाळीच एकाचा गुडघा फुटला. पेटीचं उद्घाटन चार वाजता होतं. चाचांनी आपला रुमाल फाडून बांधला. संध्याकाळी पाहुण्यांनी पेटी उघडून तिचं महत्त्व सांगितलं तेव्हा तो पोरगा पहिल्या रांगेत रुमाल बांधून बसला होता आणि टाळ्या वाजवत होता.

मी हे हसत सांगतोय, कारण तेव्हाही मी हसतच होतो. घरी येऊन बायकोला साभिनय सांगायचो. आपण या गावठी कारभारात असलो तरी त्यातले नाही, असं मला वाटायचं.

आमच्या मुलींच्या संघाची गोलकीपर होटगीची होती. वडील रेल्वेत गँगमन, रुळांच्या कामावर. ही सकाळच्या गाडीनं यायची, मैदानावर दीड तास चेंडू अडवायची आणि मग आमच्याच शाळेत यायची. अंगानं शेलाटी, बोलायला कमी. तिचं साहित्य म्हणजे चाचांनी जमवलेली गोधडी होती. पायांचे दोन पॅड दोन वेगळ्या जोड्यांतले, एक निळा आणि एक पूर्वी पांढरा असावा असा. त्यांचे बंद तुटले होते म्हणून चाचांनी मागाला लागणारे चामडी पट्टे कापून शिवले होते. बुटांवर चढवायचे ते फोमचे जाड किकर, त्यांतला उजवा अंगठ्यापाशी फाटलेला. तिथं ती टॉवेलच्या चिंध्या कोंबायची. हॉकीचा चेंडू दगडासारखा टणक असतो हे मी तेव्हा ऐकून होतो. एकदा हातात घेऊन बघावा असं वाटलं नव्हतं.

अशात एका देणगीदारानं गोलकीपरचं संपूर्ण नवं किट पाठवलं. हेल्मेट, छातीचं कवच, हातमोजे, पॅड, किकर, सगळं. मोठं थोरलं खोकं आलं. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, 'मुलींच्या गोलरक्षकासाठी'. मी पत्राला पोच दिली, आभार मानले, आणि खोक्यावर जाड मार्करनं माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: उद्घाटनापर्यंत उघडू नये. खाली संघटनेचा गोल शिक्का मारला. मग खोकं शाळेच्या खेळसाहित्याच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. त्या खोलीची किल्ली माझ्या जुडग्यात असायची, घराच्या आणि सायकलच्या किल्लीच्या मध्ये.

दुसऱ्याच दिवशी ती ऑफिसच्या खिडकीशी आली.

"सर, खोकं आलंय म्हनं."

"आलंय."

"त्यात किकर हायत का?"

"आहेत."

"मग?"

"उद्घाटन झालं की मिळेल."

"कवा हाय ते?"

"लवकरच," मी म्हणालो. कचेरीत या शब्दाचा जो अर्थ होतो तो त्या वयात तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

उद्घाटनाला साहेबांची तारीख हवी होती. साहेब म्हणजे जिल्ह्यातलं एक वजनदार राजकीय प्रस्थ; त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हस्ते करावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्यांनी तारीख दिली तेव्हा पितृपक्ष निघाला. तो संपला तर ते परदेश दौऱ्यावर. परत आले तर आचारसंहिता लागली. त्यातच राज्याच्या संघासाठी पुण्याला निवड चाचणी असल्याचं पत्र आलं, आणि गोलकीपरनं स्वतःचं साहित्य आणावं असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

चाचणीच्या दोन दिवस आधी ती मधल्या सुट्टीत माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "सर, दोन दिसांसाटी द्या की किट. लई जपून वापरते. आल्यावर पुसून, हाय तसं खोक्यात ठेवते."

"अध्यक्षांना विचारतो," मी म्हणालो.

विचारलं नाही. विचारायचं काय, उत्तर मला पाठ होतं. शेठकडे जायचं म्हणजे मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायचं, आणि वर 'भाऊसाहेब, तुम्हाला एवढंही कळत नाही का' हे ऐकून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, "शेठ नको म्हणाले, बाळ. त्यांचा नियम आहे." ती "बरं" म्हणाली आणि गेली. तिनं वाद घातला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

पुण्याला हिरव्या टर्फवर चेंडू आमच्या मुरमापेक्षा कितीतरी वेगानं येतो, हे मला चाचांनी नंतर सांगितलं. तिनं पहिले चार-पाच फटके असे अडवले की निवड करणाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग एक फटका थेट उजव्या पायावर आला. फाटक्या किकरमधून, टॉवेलच्या चिंध्यांमधून, अंगठ्यावर. त्यानंतरही ती काही वेळ उभी होती. मग खाली बसली आणि चाचांनी तिला उचलून आणलं. अंगठ्याचं हाड मोडलं होतं.

मी होटगीला तिला बघायला गेलो. संघटनेच्या रीतीप्रमाणे एक चादर आणि नारळ घेऊन. रेल्वे क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत ती पाय उशीवर ठेवून बसली होती आणि मी दारात चादर-नारळ घेऊन उभा. सत्काराला आलोय की समाचाराला, हे मलाच कळेना. तिच्या वडिलांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि चहा टाकायला सांगितला.

"दहावीपातूर खेळू दे म्हनतीया," वडील म्हणाले. "खेळू दे की, आमी कुटं न्हाय म्हनतो? पन पुढच्या सालीबी न्हाय झालं तर बंद. मंग शिवनाच्या क्लासाला घालनार हाय. तिचंबी वय बसत न्हाय म्हनं त्याच्याम्होरं."

ते खरं होतं. पुढची चाचणी ही तिच्या वयोगटातली शेवटची. वडील काही दुष्ट माणूस नव्हते; त्यांनी आपल्या परीनं मुलीला एक वर्ष दिलं होतं. आमच्या संघटनेनं तेवढंही दिलं नव्हतं. चहा घेताना ती पहिल्यांदा बोलली.

"सर, उद्घाटन झालं का?"

मी चहात साखर जास्त झालीय असं काहीतरी म्हणालो.

पुढचं वर्ष आमच्या संघटनेच्या इतिहासात फार यशस्वी गेलं. आम्ही पाच सत्कार केले, दोन चर्चासत्रं घेतली आणि एक दिनदर्शिका छापली. खोकं जिथल्या तिथं होतं. आचारसंहिता उठली तर साहेबांनी पक्ष बदलला. मग नव्या फ्लेक्सवर त्यांच्या शेजारी कुणाचे फोटो घ्यायचे आणि कुणाचे गाळायचे, यावर तीन बैठका झाल्या. एका संघाच्या निवडीवरही आमच्या कधी एवढ्या बैठका झाल्या नव्हत्या. फोटो ठरले तर गड्ड्याची जत्रा आली, साहेब जत्रेत. जत्रा उठली तर लग्नसराई. मे महिन्यात सोलापुरात दुपारी चारला मैदानावर साहेबांना उभं करायचं म्हणजे उद्घाटनाऐवजी दुसरंच काही करायची पाळी आली असती. खोलीला पत्र्याचं छप्पर होतं. तापलेल्या पत्र्याखाली ते खोकं, माझ्या अक्षरासकट, निवांत बसून होतं.

ती प्लास्टर निघाल्यावर परत मैदानावर येऊ लागली. पाय जरा वेगळा टाकायची. चाचांनी फाटका किकर आणखी एकदा शिवला.

शेवटी साहेबांची तारीख पक्की झाली, एक रविवार. पत्रिका छापल्या. आणि त्याच आठवड्यात चाचणीचं पत्र आलं: शुक्रवार आणि शनिवार, पुणे. म्हणजे ज्या वस्तूसाठी सव्वा वर्ष थांबलो, ती ज्या कामासाठी आली होती ते काम उरकल्याच्या दुसऱ्या दिवशी वापरायला मिळणार होती. आखूनही एवढं नेमकं जमलं नसतं.

या वेळी ती मागायला आली नाही.

मी बुधवारी वाट पाहिली. मधली सुट्टी झाली, शाळा सुटली, ती खिडकीसमोरून दप्तर घेऊन गेली, नमस्कारही केला, पण थांबली नाही. तिनं आमच्याकडे मागायचं सोडून दिलं होतं. मला त्याचं जे वाईट वाटलं ते अजून जात नाही. चाचा मात्र आले. एरवी मला 'साहेब' म्हणणारा माणूस त्या दिवशी नुसता समोर उभा राहून म्हणाला, "किट है की रुखवत है ये? पाव्हण्यांनी बघायला मांडलंय?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

गुरुवारी दुपारी मी रविवारसाठी खुर्च्या मोजायला खेळसाहित्याची खोली उघडली. खुर्च्या मोजून झाल्या, पण पाय निघेना. समोर खोकं आणि त्यावर माझं अक्षर. उद्घाटनापर्यंत उघडू नये. 'नये' मधला 'ये' मी विशेष झोकदार काढला होता. मी टेबलावरचं ब्लेड आणलं, चिकटपट्टी कापली आणि शिपायाला दहावीच्या वर्गात पाठवलं, तिला बोलवायला.

ती आली. उघडं खोकं बघून दारातच थांबली. "उद्घाटन?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो. "आताच."

तिनं खाली बसून आधी उजवा किकर चढवला. मग पॅड. वर्षापूर्वी ते तिला सैल झाले असते, आता बरोब्बर बसले. आमच्या दिरंगाईचा तेवढा एकच फायदा झाला. आभार वगैरे तिनं मानले नाहीत. उठली, भिंतीपाशी गेली आणि उजव्या पायानं भिंतीला जोरात लाथ घातली. मग आणखी एक. वरून पोपडे पडले.

"लागत न्हाय," ती म्हणाली.

ठरलं असं की शनिवारी संध्याकाळी परत आल्यावर किट पुसून खोक्यात ठेवायचं, मी नवी चिकटपट्टी लावणार, आणि रविवारी साहेब नव्याकोऱ्या किटचं उद्घाटन करणार. मी स्वतःवर खूश होतो. एवढं धाडस मी नोकरीतही कधी केलं नव्हतं.

शनिवारी दुपारी चाचांचा फोन आला. त्यांना बोलता येईना. मला वाटलं, पुन्हा काही मोडलं. मग कळलं की ते रडत होते. तिची निवड झाली होती. पण शिबिर लगेच सुरू होणार होतं, मुली तिथंच राहणार. "किट का काय करू, साहेब? एसटीत टाकून पाठवू?"

"नको," मी म्हणालो. "तिच्याकडंच राहू दे."

फोन ठेवला आणि मला फार आनंद झाला. इतका की मी ऑफिसात एकटाच उठून उभा राहिलो. मग लक्षात आलं की उद्या साहेब येणार आहेत आणि खोकं रिकामं आहे.

शहाण्या माणसानं त्यात विटा भरल्या असत्या, जुनी पुस्तकं भरली असती. माझ्या हाताशी सत्कारासाठी आलेला गठ्ठा होता. मी त्यातल्या सहा चादरी आणि उरलेल्या जागेत टॉवेल कोंबले, चिकटपट्टी लावली, वर लाल फीत बांधली. खोकं पोटभर दिसत होतं. चादरी शेठच्या कारखान्यातल्या आहेत आणि शेठ चादरीचं वजन हातानं सांगतात, हे मला माहीत असूनही त्या घडीला आठवलं नाही.

रविवारचा कार्यक्रम आमच्या परंपरेला शोभेल असा झाला. साहेब दोन तास उशिरा आले. सूत्रसंचालकानं त्यांना 'क्रीडामहर्षी' म्हटलं. साहेबांनी भाषणात तरुणांना हॉकीत जास्तीत जास्त धावा काढायचं आवाहन केलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. सत्काराला सहा चादरी कमी पडल्या, म्हणून एकच चादर सात जणांच्या खांद्यांवरून फिरवून आणावी लागली. मागच्या बाजूनं काढायची आणि पुढच्याला घालायची. सवयीनं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग खोकं टेबलावर आणलं. कुंकू लागलं, नारळ फुटला, फीत कापली, फोटो झाले.

आणि साहेब म्हणाले, "उघडा की. बघू तरी काय काय आहे आत."

आजवर आमच्या कुठल्याही पाहुण्यानं असं काही म्हटलं नव्हतं. शेठ उत्साहानं पुढे झाले, खोकं साहेबांकडे वळवायला त्यांनी दोन्ही हात घालून ते एका बाजूनं उचललं, आणि तसेच थांबले. पुन्हा जरासं उचललं. मग मान वळवून, स्टेजच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल बघत होतो.

"साहेब," शेठ हिंदीतलं मराठीत आणि मराठीतलं हिंदीत करत म्हणाले, "माल सीलबंद है. खिलाडी के हात में सीलबंदच देनेका, ऐसी हमारी पद्धत आहे. उसकी गॅरंटी रहती है."

साहेबांनी मान डोलावली. ही पद्धत इतर संघटनांनीही घ्यावी, असं ते निरोप घेताना म्हणाले.

मंडप रिकामा झाल्यावर शेठ एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि मला समोरची खुर्ची दाखवली.

"किती आहेत?"

"सहा. आणि टॉवेल."

"किट कुठंय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पुण्याचं, शिबिराचं. ते ऐकत राहिले. "पोरीची निवड झाली म्हणता?" मी हो म्हणालो. मग मीच बोलायला लागलो. सचिवपद काढून घेणार हे गृहीत धरून मला जरा जोर चढला होता. मी म्हणालो, मागच्या वर्षी त्या पोरीचा अंगठा मोडला शेठ, आणि तेव्हा हे किट इथं कुलपात होतं. तुमच्या नियमामुळे.

"माझा नियम?" शेठ म्हणाले. "मला कुणी विचारलं होतं?"

मी खिशातलं किल्ल्यांचं जुडगं चाचपलं.

"विचारलं असतं तर नकोच म्हणलो असतो कदाचित. खोटं कशाला बोलू? पण विचारलं नाहीत की, भाऊसाहेब. खोक्यावर अक्षर तुमचं. किल्ली तुमच्याकडं. आणि या वर्षी न विचारताच उघडलंत, काही झालं का?" त्यांनी खुर्चीवरून उठता उठता खोक्याकडे बोट केलं. "मग मागच्याच वर्षी का नाही उघडलंत?"

एवढं बोलून ते गाडीकडे गेले. सचिवपद त्यांनी काढलं नाही. चादरीही परत मागितल्या नाहीत. त्या वर्षीच्या कामाबद्दल आम्हाला ती ढाल मिळाली. अर्जासोबत जोडलेल्या फोटोंत खोक्याचा फोटो सर्वांत ठळक होता.

स्पर्धा खेळून ती परत आली तेव्हा किटवर चेंडूचे पांढरे डाग पडले होते, उजव्या किकरवर सगळ्यात जास्त. ती आता अकरावीला आहे आणि पुण्याच्या एका वसतिगृहात राहून खेळते. शिवणाच्या क्लासचं नाव वडील काढत नाहीत. सुट्टीत आली की मैदानावर येते, लहान मुलींना गोलात उभं राहायला शिकवते. मला वाकून नमस्कार करते. चाचांच्या गळ्यात पडते. शेठ समोर आले की मात्र तोंड फिरवते आणि बाजूला होते.

परवा शेठनी मला विचारलं, "ही पोरगी माझ्याशी बोलत का नाही हो?"

"लाजते," मी म्हणालो.